रायफलची नळी गंजू नये म्हणून : पाच उपाय आणि एक प्रश्न



1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर नेमबाजी हा विषय मुलांच्या बोलण्यात सहज येऊ लागला. चौकस मुलं पदकापाशी थांबत नाहीत. "रायफलची नळी लोखंडाची असते ना? मग ती गंजत नाही का? आणि ती काळीच का असते?" असे प्रश्न येतातच.

या प्रश्नांना "तिला रंग दिलेला असतो" एवढं उत्तर देऊन मोकळं होता येईल. पण ते उत्तर बरंचसं चूक आहे. उच्च प्राथमिकच्या विज्ञानात 'गंजणे' हा रासायनिक बदल येतो आणि त्यावर रंग, तेल, जस्ताचा थर असे उपाय आपण फळ्यावर लिहून देतो. मुलं ते पाठ करतात. पण कोणता उपाय कुठे आणि का, हे त्या यादीतून कळत नाही. रायफलच्या नळीचं उदाहरण घेतलं की ते फार छान कळतं, कारण तिथे चुकीचा उपाय निवडला तर माणसाच्या जिवावर बेततं. तसं खरोखर घडलेलंही आहे, ते पुढे सांगतेच.

आधी शत्रू ओळखू या

रायफलची नळी पोलादाची असते, आणि पोलाद म्हणजे मुख्यतः लोखंडच. लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की तांबूस गंज तयार होतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, सच्छिद्र असतो आणि पापुद्रे होऊन सुटतो. त्यामुळे आतलं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि गंज आणखी खोल जातो. मीठ असेल तर हे सगळं भराभर होतं. कोकणातल्या शाळांच्या खिडक्यांचे गज पाहिले की हे वेगळं शिकवावं लागत नाही.

नळीच्या बाहेरच्या बाजूला शत्रू म्हणजे पाऊस, दमट हवा आणि हाताचा घाम. घामात मीठ असतं हे विसरायचं नाही.

आतल्या बाजूची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. काडतुसातली दारू पेटली की क्षणभर 2,000 अंश सेल्सिअसहून जास्त तापलेले वायू तयार होतात. लष्करी रायफलमध्ये त्यांचा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या तीन-चार हजार पट होतो. गोळी नळीतल्या पिळाच्या खाचांना घासत पुढे जाते. त्या खाचांमुळे ती भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. म्हणजे आत उष्णता, दाब आणि घर्षण हे तिन्ही एकदम.

त्यात जुन्या काडतुसांची आणखी एक खोडी होती. दारू पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. हा आपल्या मिठाचाच भाऊबंद, आणि हवेतली ओल ओढून घेणारा. गोळ्या झाडून रायफल तशीच ठेवली की थोड्याच काळात नळी आतून गंजायची. म्हणून त्या काळचे सैनिक नळीत उकळतं पाणी ओतायचे. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं! मग नळी कोरडी करून तेलाची चिंधी फिरवायची. "गंज लागू नये म्हणून पाणी ओता" हे ऐकून मुलं चक्रावतात. विरघळणे हा पाठ घेताना हे उदाहरण जरूर सांगा.

एकाच नळीच्या आत-बाहेर वेगळे शत्रू असतात, हे घरातल्या उदाहरणानेही सांगता येईल. पितळेच्या पातेल्याला आपण आतून कल्हई करतो आणि बाहेरून चिंच लावून घासतो. आत आंबट अन्नाचा संबंध, बाहेर काजळीचा. भांडं एकच, पण दोन्ही बाजूंची गरज वेगळी. हे लक्षात ठेवून आता पाच उपाय पाहू.

पहिला उपाय : ब्लूइंग, म्हणजे गंजानेच गंज रोखणं

रायफलची नळी निळसर काळी दिसते तो बऱ्याचदा रंग नसतो, तो लोखंडाचाच ऑक्साइड असतो. लोखंड आणि ऑक्सिजनची जोडी दोन-तीन रूपांत भेटते. तांबडा गंज हे एक रूप, तर मॅग्नेटाइट नावाचा काळा ऑक्साइड हे दुसरं. तांबडा गंज सुटून येतो, काळा ऑक्साइड पृष्ठभागाला घट्ट धरून राहतो. ब्लूइंगमध्ये नळीवर मुद्दाम हा काळा थर तयार करतात.

जुनी पद्धत मोठी गमतीची आहे. स्वच्छ केलेल्या नळीला विशिष्ट द्रावण लावून ती दमट कपाटात ठेवायची आणि तिच्यावर हलका गंज चढू द्यायचा. मग ती उकळत्या पाण्यात ठेवायची. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होतो. सुटी भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडून काढायची आणि पुन्हा गंजवायची, पुन्हा उकळायची. असं अनेकदा केलं की गर्द काळा थर बसतो. त्याच्याही आधीच्या काळात न उकळता गंज तपकिरीच ठेवून त्यावर तेल-मेण चोळायचे. त्याला ब्राऊनिंग म्हणत.

कारखान्यातली अलीकडची पद्धत झटपट आहे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या सुमारे 140 अंश तापमानाच्या द्रावणात नळी बुडवायची. काही मिनिटांत काम होतं. पण दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या जिथे शिसं-कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात, तिथे ही पद्धत चालत नाही, कारण कॉस्टिक तो डाखच खातं. तिथे आजही जुनी सावकाश पद्धत वापरावी लागते.

या थराची जाडी सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या सत्तराव्या भागाएवढं हे कवच! दिसायला फार सुंदर, नळीच्या मापात फरक पडत नाही, खर्च कमी. पण एकटं ब्लूइंग गंज फारसं रोखू शकत नाही. त्यावर तेलाचा हात नियमित फिरायलाच हवा. घामट हातांचे ठसे चार दिवस तसेच राहिले तर त्या ठशांच्या आकाराचा गंज उमटतो.

दुसरा उपाय : फॉस्फेटचा थर, म्हणजे पार्करायझिंग

फॉस्फरिक आम्लाच्या गरम द्रावणात, पाणी उकळायच्या जरा खालच्या तापमानाला, नळी बुडवली की पोलादाच्या पृष्ठभागावर फॉस्फेटचे बारीक स्फटिक वाढतात. द्रावणात जस्ताचे किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात. इंग्लंडमधल्या थॉमस कॉस्लेट यांनी 1906 च्या सुमारास ही पद्धत उपयोगात आणली. पुढे अमेरिकेत क्लार्क पार्कर यांनी 1915 मध्ये तिच्यासाठी कंपनी काढली, म्हणून नाव पडलं पार्करायझिंग. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गॅरंड रायफलींवर हाच करडा, खरखरीत थर होता.

हा थर ब्लूइंगपेक्षा कितीतरी जाड असतो. पण त्याची खरी ताकद जाडीत नाही, सच्छिद्रपणात आहे. मातीचा माठ जसं पाणी शोषून धरतो तसा हा थर तेल शोषून धरतो. गुळगुळीत पृष्ठभागावरचं तेल पुसलं जातं, इथे ते स्फटिकांच्या मधे मुरून बसतं. शिवाय हा थर चमकत नाही. उन्हात चकाकणारी नळी सैनिकाची जागा उघड करते, त्यामुळे लष्कराला हा मंद करडा रंग सोयीचा वाटला.

फॉस्फेट आणि लोखंड हे नातं आपल्याला अनोळखी नाही. दिल्लीच्या कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ सुमारे 1,600 वर्षं उघड्यावर उभा आहे. उंची सात मीटरहून थोडी जास्त, वजन सहा टनांहून अधिक. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवलं, की त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक पापुद्रा तयार झाला आहे. दिल्लीच्या कोरड्या हवेनेही मदत केली. स्तंभावर हे शेकडो वर्षांत आपोआप घडलं, कारखान्यात तेच काही मिनिटांत मुद्दाम घडवतात.

मर्यादा? हा थर नळीच्या आत उपयोगाचा नाही. खरखरीत पृष्ठभाग गोळीच्या वाटेत नको, आणि तिथल्या माऱ्यापुढे तो टिकणारही नाही.

तिसरा उपाय : नळीच्या आत क्रोम

सायकलच्या हँडलवर चकाकतो तोच क्रोमियम धातू. पण हँडलवरचा थर शोभेचा आणि अगदी पातळ असतो. नळीच्या आत विजेच्या साहाय्याने कठीण क्रोमचा थर चढवतात. त्याची जाडी साधारण 10 ते 25 मायक्रॉन. क्रोमियम पोलादापेक्षा खूप कठीण असतं, सुमारे 1,900 अंशांना वितळतं आणि गंजत नाही. उष्णता, घर्षण आणि ओल या तिन्ही शत्रूंना एकदम तोंड देणारा हा उपाय. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या टाइप 99 रायफलींच्या नळ्या आतून क्रोमच्या होत्या. सोव्हिएत एके रायफलींच्या नळ्यांनाही क्रोम दिलेला असतो.

आता ती सांगायची राहिलेली गोष्ट.

1960 च्या दशकात अमेरिकेने व्हिएतनामच्या युद्धात एम 16 ही नवी, हलकी रायफल सैनिकांच्या हाती दिली. तिच्या आधीच्या एम 14 रायफलच्या नळीला आतून क्रोम होता. नव्या रायफलला ना नळीत क्रोम दिला, ना काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये. शिवाय काडतुसातली दारू बदलली होती आणि ती जास्त घाण सोडायची. वर सैनिकांमध्ये असा समज पसरला होता की या रायफलला साफसफाई फारशी लागतच नाही, आणि सफाईचं साहित्यही पुरेसं पोहोचलं नव्हतं.

जंगल दमट, पाऊस सतत, भातखाचरांतून चालणं. चेंबरच्या उघड्या पोलादावर गंजाचे बारीक खड्डे पडले. गोळी झाडली की पितळेची पुंगळी दाबाने फुगते आणि चेंबरच्या भिंतीला चिकटते. भिंत गुळगुळीत असेल तर ती लगेच सुटून बाहेर पडते. खड्डे असतील तर तिथेच अडकून बसते. पुंगळी अडकली की रायफल म्हणजे नुसती काठी. मग नळीच्या तोंडातून गज घालून पुंगळी मागे ढकलायची, तीही समोरून गोळ्या येत असताना. असं करताना सैनिक मारले गेल्याच्या तक्रारी पार अमेरिकेच्या संसदेपर्यंत पोहोचल्या. 1967 मध्ये संसदेच्या समितीने चौकशी केली आणि दारूच्या प्रश्नावरून लष्कराच्या अधिकाऱ्यांवर कठोर ठपका ठेवला. त्याच वर्षी चेंबरला क्रोम द्यायला सुरुवात झाली, पुढे काही वर्षांत पूर्ण नळीलाही. सफाईचं साहित्य आणि ते वापरायचं शिक्षणही देण्यात आलं.

आणि समोरच्या बाजूच्या एके रायफलींना क्रोम आधीपासूनच होता.

इथे एक गोष्ट मुलांना नीट सांगायला हवी. दोष एकट्या क्रोमच्या अभावाचा नव्हता. दारू, सफाई आणि थर या तिन्हींची साखळी तुटली होती. पण केसाच्या निम्म्या भागाएवढाही जाड नसलेला एक थर नसल्याने काय होऊ शकतं, हे या उदाहरणाइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

मग क्रोमच सर्वांत चांगला म्हणायचा का? थांबा. क्रोमचा थर आतून सगळीकडे अगदी एकसारखा बसवणं अवघड असतं. त्यात अतिसूक्ष्म भेगा असतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो चढवताना वापरलेलं षट्संयुजी क्रोमियम विषारी आहे, त्याची वाफ आणि तुषार श्वासात गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. तमिळनाडूतल्या राणीपेट इथे क्रोमियमची रसायनं बनवणाऱ्या एका बंद कारखान्याचा कचरा वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला आणि भूजल दूषित झालं. म्हणजे नळी सुरक्षित करायची किंमत दुसरंच कुणी मोजत असू शकतं. तुलना करताना हा रकाना आपण बहुतेक वेळा विसरतो.

चौथा उपाय : नायट्रायडिंग, म्हणजे मुरवणं

आतापर्यंतचे उपाय पृष्ठभागावर काहीतरी तयार करण्याचे किंवा चढवण्याचे होते. नायट्रायडिंगमध्ये वर काही लावत नाहीत, नायट्रोजन पोलादाच्या आत मुरवतात. कैरीच्या फोडीवर मीठ भुरभुरवणं वेगळं आणि लोणच्यात मीठ मुरणं वेगळं, तसाच हा फरक. भुरभुरवलेलं मीठ झटकता येतं, मुरलेलं नाही.

एका पद्धतीत नळी सुमारे 570 ते 580 अंश तापमानाच्या वितळलेल्या क्षारांत ठेवतात. नायट्रोजनचे अणू पोलादात शिरतात. सर्वांत वर 10 ते 20 मायक्रॉनचा अतिशय कठीण थर होतो आणि त्याच्याखाली नायट्रोजन हळूहळू विरळ होत जातो. मग पृष्ठभाग घासून पुन्हा ऑक्साइडचा काळा थर देतात. अशी नळी आतून-बाहेरून दोन्हीकडे एकाच वेळी कठीण आणि गंजरोधक होते. वरून जाड थर चढत नसल्यामुळे मापात फरक जवळजवळ पडत नाही आणि पापुद्रा सुटण्याची भीती नाही.

अडचणी यालाही आहेत. तापमान नीट सांभाळलं नाही तर पोलादाचे मूळ गुण बिघडतात. पृष्ठभाग इतका कठीण होतो की नंतर नळी कापणं, भोक पाडणं अवघड, म्हणून सगळं घडवणं आधी उरकावं लागतं. क्षार विषारी असतात. आणि सतत झडणाऱ्या, लालबुंद तापणाऱ्या मशीनगनच्या नळ्यांसाठी क्रोमचा वापर अजूनही मोठ्या प्रमाणावर होतो.

पाचवा उपाय : भट्टीत भाजलेला रंग

हा मात्र खरंच रंग. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराने फॉस्फेटवर काळा रंग देऊन तो भाजण्याची पद्धत वापरली. हल्ली सेराकोटसारखे सिरॅमिकचे कण असलेले रंग मिळतात. नळीवर बारीक वाळूचा मारा करून ती खरखरीत करायची, रंगाचा पातळ फवारा मारायचा आणि साधारण 120 अंशांना भट्टीत भाजायचं. थर सुमारे 25 मायक्रॉनचा. पाणी, मीठ, घाम यांच्यापासून बाहेरच्या बाजूचं संरक्षण उत्तम, आणि हवा तो रंग मिळतो. पण नळीच्या आत याचा काही उपयोग नाही, पहिल्याच काही गोळ्यांत तो जळून-घासून जाईल. बाहेरूनही खोल ओरखडा पडला तर उघड्या पोलादापासून गंज सुरू होऊ शकतो.

बादलीसारखं जस्त का नाही? आणि स्टेनलेस स्टील?

हे दोन प्रश्न हुशार मुलं विचारणारच. जस्ताचा थर गंज उत्तम रोखतो, ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून शेजारच्या लोखंडाला वाचवतं. पण जस्त मऊ असतं आणि सुमारे 420 अंशांनाच वितळतं. नळीच्या आतल्या उष्णतेपुढे त्याचा निभाव लागणार नाही.

स्टेनलेस स्टीलच्या नळ्या मात्र असतात, विशेषतः स्पर्धेच्या रायफलींना. त्यात क्रोमियम वरून न लावता पोलादातच मिसळलेलं असतं. पण त्यांची किंमत जास्त, आणि 'स्टेनलेस' म्हणजे कधीच न गंजणारं असं नाही. घाम आणि मीठ फार काळ राहिलं तर त्यावरही डाग पडतात.

मग पहिला नंबर कुणाचा?

आपण मुलांचं प्रगतिपुस्तक भरतो तेव्हा एका मुलाचं गणित चांगलं, दुसऱ्याची चित्रकला, तिसऱ्याचं खेळात नाव. इथेही विषयवार गुण देऊ.

• बाहेरच्या पाण्या-घामापासून संरक्षण : भाजलेला रंग आणि नायट्रायडिंग पुढे. तेल दिलेलं फॉस्फेट मधे. ब्लूइंग शेवटी.
• आतल्या उष्णता-घर्षणापासून संरक्षण : क्रोम आणि नायट्रायडिंग. बाकीचे तिघे या विषयाला बसूच शकत नाहीत.
• मापाचा नेमकेपणा : ब्लूइंग आणि नायट्रायडिंग चांगले. क्रोमला जपून करावं लागतं.
• खर्च आणि सोपेपणा : ब्लूइंग आणि फॉस्फेट पुढे.
• नंतरची निगा : ब्लूइंगला सर्वांत जास्त, त्याखालोखाल फॉस्फेटला. बाकीच्यांना कमी, पण शून्य कुणालाच नाही.
• कामगार आणि परिसर : क्रोमची काळजी सर्वांत मोठी. कॉस्टिक आणि विषारी क्षारांमुळे ब्लूइंग आणि नायट्रायडिंगही निर्धोक नाहीत.

आता एकूण बेरीज करून पहिला नंबर काढायचा मोह होतो. तो टाळायचा. कारण कोणत्या विषयाला किती वजन द्यायचं हे वापरावर ठरतं. दमट जंगलातल्या सैनिकासाठी पुंगळी न अडकणं हा जीवन-मरणाचा विषय. म्हणून एम 16 च्या सुधारलेल्या रायफलीत शेवटी आत क्रोम आणि बाहेर फॉस्फेट असं दुहेरी उत्तर आलं. पुन्हा आपलं कल्हईचं पातेलं!

स्वप्निलच्या क्रीडाप्रकारात गणित बदलतं. तिथे .22 बोअरची छोटी काडतुसं असतात. मऊ शिशाची गोळी, ध्वनीच्या वेगाच्या आसपासचा वेग, दाबही लष्करी रायफलपेक्षा पुष्कळ कमी. नळी आतून फारशी झिजत नाही. पण 50 मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथे क्रोमच्या थरातला किंचित उंच-सखलपणाही नको. त्यामुळे अशा नळीला आतून काही न चढवता नीट पुसून जपणं हाच मार्ग. आणि 10 मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नसते, दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो. तिथे आतल्या उष्णतेचा प्रश्नच निघत नाही.

म्हणून मुलांना विचारायला शिकवायचा खरा प्रश्न "सर्वांत चांगलं कोणतं?" हा नाही. "कशापासून वाचवायचंय, कुठे, आणि त्याची किंमत कोण मोजणार?" हा आहे.

वर्गात करून पाहू

ब्लूइंग, क्रोम वगैरे रसायनांचे प्रयोग शाळेत किंवा घरी अजिबात करायचे नाहीत. पण हीच कल्पना खिळ्यांवर सुरक्षितपणे दाखवता येते.

साहित्य : सहा साधे लोखंडी खिळे, दोन जस्त चढवलेले खिळे, खोबरेल तेल, ऑइल पेंट, मीठ, पॉलिश पेपर, दोन ताटल्या, कापूस.

1. सहाही साधे खिळे पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा. दोन तसेच ठेवा, दोनांना तेल लावा, दोनांना रंग देऊन पूर्ण वाळवा.
2. दोन संच करा. प्रत्येकात साधा, तेलाचा, रंगाचा आणि जस्ताचा असे चार खिळे.
3. पहिला संच तसाच ठेवा. दुसऱ्या संचातला प्रत्येक खिळा कोरड्या कापडाने दहा वेळा जोरात पुसा, मग पॉलिश पेपरने दोन ओरखडे मारा. म्हणजे हा संच 'वापरलेला'.
4. दोन्ही ताटल्यांत मिठाच्या पाण्याने ओला केलेला कापूस पसरून त्यावर खिळे ठेवा. कापूस वाळला की पुन्हा ओला करा.
5. आठ दिवस रोज एकाच वेळी निरीक्षण करून वहीत तक्ता भरा.

सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाकडून अंदाज लिहून घ्या. दोन्ही संचांत नंबर तेच येतात का, हे शेवटी मुलांनाच ताडून पाहू द्या. रंगाचा खिळा एका ताटलीत कसा आणि दुसऱ्या ताटलीत कसा, तिकडे त्यांचं लक्ष वेधा. ओरखड्याच्या जागी जस्ताचा खिळा वेगळा का वागला, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा.

आणखी एक छोटी कृती शिक्षकांनी स्वतः करून दाखवावी. खिळा घासून, ओल्या कापडात ठेवून त्यावर हलका, ताजा गंज येऊ द्या. मग तो खिळा स्वच्छ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा. तांबूस थर काळपट होताना दिसेल. जुन्या ब्लूइंगचं हेच मूळ. जाड, जुना गंज असेल तर एवढा फरक दिसत नाही, म्हणून गंज ताजा आणि पातळच हवा. उकळतं पाणी मुलांपासून लांब ठेवा.

चर्चेसाठी प्रश्न

1. घरातल्या लोखंडी वस्तूंची यादी करा : तवा, विळी, कडी-कोयंडा, सायकल, बादली, खुरपं. प्रत्येकीचं संरक्षण कशाने होतं?
2. तव्याला रंग का देत नाहीत? विळीच्या पात्याला रंग दिला तर काय होईल?
3. एखादी वस्तू गंजू नये म्हणून वापरलेलं रसायन गावाच्या विहिरीत उतरणार असेल, तर आपण काय निवडू?
4. चांगला थर दिलेली वस्तू पुसायची-जपायची गरज संपते का?

चौथ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ द्या. पाचही उपाय पाहिले तर एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. थर हा वेळ मिळवून देतो, काळजीतून सुटका देत नाही. व्हिएतनाममध्ये क्रोम नव्हता हे खरं, पण "हिला सफाई लागत नाही" हा समज तितकाच घातक ठरला. आपल्या घरातली आजी वापर झाल्यावर विळी पुसून, कोरडी करून, तेलाचं बोट फिरवून ठेवते तेव्हा ती नेमकं हेच करत असते. पालकांनी हे काम एक दिवस मुलांकडे सोपवून पाहावं, अर्थात पातं सांभाळून आणि आपण शेजारी बसून. 'गंजणे' हा पाठ त्या दिवशी वेगळा घ्यावा लागणार नाही.